चॅलेंजर ट्रॅकवर न्यावी का?

प्रश्न

ताई, नमस्कार. मी मूळचा सांगलीचा. गेली सात वर्षं मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो. दीड वर्षापूर्वी २०२१ ची डॉज चॅलेंजर स्कॅट पॅक घेतली, जुनी, हप्त्यांवर. शाळेत वहीच्या मागच्या पानावर हीच गाडी काढायचो. ऑफिसातला एक मराठी मित्र त्याची मिआटा, माझ्दाची छोटी दोन सीटची गाडी, घेऊन उन्हाळ्यात चार-पाच वेळा साउथ हेवनच्या जिंजरमॅन ट्रॅकवर जातो. ‘मीही येऊ का?’ असं विचारलं, तर चारचौघांत म्हणाला, ‘शर्यतीला म्हैस आणतोयस?’ सगळे हसले. मला लागलं. बायकोचं म्हणणं, हप्ते फिटायच्या आधी हा खेळ नको. एवढी जड गाडी ट्रॅक डेला, म्हणजे आपापली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, खरंच चालते का? की विकून एखादी हलकी गाडी घेऊ?

— ४८५ घोड्यांचा धनी, ट्रॉय

उत्तर

वहीच्या मागच्या पानावर काढलेली गाडी पुढे स्वतःच्या दारात उभी राहणं फार थोड्यांच्या नशिबी येतं. तिला कुणी चारचौघांत म्हैस म्हटलं तर लागणारच. तुझ्या मित्राला एक सांग. १९७० साली अमेरिकेच्या ट्रान्स-ॲम शर्यतींच्या मालिकेत पार्नेली जोन्स मस्टँग बॉस ३०२ घेऊन उतरला होता, तेव्हा त्याच मैदानात सॅम पोझी चॅलेंजर चालवत होता. वळणांच्या ट्रॅकवर, पाच लिटरच्या आतलं इंजिन घेऊन. तेव्हा या नावाला वळणं नवी नाहीत.

तुझ्या गाडीत मात्र त्या गाडीचं नाव आणि चेहरा आहे, बाकी फारसं काही नाही. तुझी चॅलेंजर कॅनडात ब्रॅम्प्टनला बनली. तिचा सांगाडा चार दारांच्या चार्जरचा, फक्त दोन चाकांमधलं अंतर १२० इंचांवरून ११६ वर आणलेलं. म्हणजे पाच माणसं आणि त्यांचं सामान घेऊन शिकागोपर्यंत आरामात जाणारी मोठी गाडी, पुढे ६.४ लिटरचं हेमी इंजिन. तिचं वजन १९०० किलोच्या आसपास भरतं. मित्राची आजच्या पिढीतली मिआटा साधारण १०६० किलोची. मिआटाच्या टपावर आपली जुनी मारुती ८०० अख्खी ठेवलीस, तरी तराजू तुझ्याच बाजूला झुकेल. मित्राचा शब्द वाईट होता, पण त्याचं बोट योग्य जागी पडलं होतं.

माझं उत्तर आधी सांगते, कारणं मागून. गाडी विकू नकोस. पहिले दोन-तीन ट्रॅक डे हिच्यातच कर. पण घरून निघताना ४८५ हॉर्सपॉवर हा आकडा डोक्यातून काढ आणि १९०० किलो हा ठेव. आणि विम्याचा प्रश्न सुटल्याशिवाय निघूच नकोस, त्यावर पुढे येते.

मी पंचवीस वर्षं ब्रेकच्या टेस्टिंगमध्ये काढली आणि दहा-बारा वर्षं सुट्टीच्या दिवशी नवशिक्यांच्या शेजारी इन्स्ट्रक्टर म्हणून बसले. त्यामुळे मला गाडी म्हटलं की आधी उष्णता दिसते. ट्रॅकवर इंजिनाची ताकद सरळ रस्त्यावर कामी येते. त्या ताकदीने जो वेग मिळवलास, तो पुढच्या वळणाआधी कुठेतरी जमा करावा लागतो, आणि तो जमा होतो ब्रेकमध्ये. हिशेब साधा आहे. समजा सरळ रस्त्याच्या शेवटी तू ताशी १९० किलोमीटरवर आहेस आणि वळणासाठी ८० वर यायचंय. तू आणि गाडी मिळून २००० किलो. त्या साडेतीन-चार सेकंदांत जी ऊर्जा उतरवायची असते, ती नळाचं सुमारे सात लिटर पाणी उकळायला पुरेल. मित्राची मिआटा त्याच जागी फार तर १६० वर पोचलेली असते, वजन तुझ्या निम्म्याहून थोडं जास्त. तिचं काम अडीच लिटर पाण्यात भागतं. थोडा वाटा हवा घेते, थोडा इंजिन घेतं, पण मोठा भाग डिस्क आणि पॅडलाच सोसावा लागतो. असं एका फेरीत तीन-चारदा, वीस मिनिटं सलग.

तुझ्या गाडीचे ब्रेक मोठे आहेत, मान्य. ब्रेम्बोचे आहेत. चार पिस्टनचे असोत की १५.४ इंची डिस्कवरचे सहा पिस्टनचे, रस्त्यावर ते तुला कधीच कमी पडणार नाहीत. पण उष्णता जवळपास पावणेतीनपट आणि डिस्क काही मिआटाच्या पावणेतीनपट नाही. जड गाडी ट्रॅकवर थकते ती इथे.

लहानपणी एसटीने मुंबईहून पुण्याला येताना बोरघाटात अमृतांजन पुलाजवळ बाजूला लागलेले ट्रक दिसायचे. चाकांतून धूर, आणि तो जळका, कडवट वास खिडकीतून आत यायचा. वडील म्हणायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा असतो, हे यांनी ऐकलं नाही. पुढे मिशिगनच्या लॅबमध्ये पहिल्यांदा तापवलेल्या पॅडचा वास आला तेव्हा मला आधी खंडाळाच आठवला. तो वास तुलाही पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथे, येईल, बहुतेक तुझ्याच गाडीचा. घाबरू नकोस, पण ओळखून ठेव.

ब्रेक दोन तऱ्हेने दगा देतात आणि दोन्हींची चाल वेगळी. पॅड त्याच्या सोसण्यापलीकडे तापला की पेडल पायाखाली घट्टच राहतं, तू जोर लावतोस आणि गाडी मात्र हवी तशी थांबत नाही. दुसरी तऱ्हा ब्रेक ऑइल उकळण्याची. तेलात वाफेचे बुडबुडे झाले की पाय स्पंजावर पडल्यासारखा आत जातो, कधी थेट फरशीपर्यंत. ही दुसरी तऱ्हा जास्त वाईट, कारण ती आधीच्या वळणाला सांगून येत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि जितका ओलावा जास्त तितकं लवकर उकळतं. साधं डॉट ३ तेल ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला टिकलं पाहिजे असा दंडक आहे, ओलावा शिरल्यावर तोच आकडा १४० वर येतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. रेसिंगसाठी मिळणारं चांगलं तेल ताजं असताना ३०० च्या वर जातं.

हे आकडे मला पाठ होते. तरी सोळा वर्षांपूर्वी एका जड व्ही-एट कूपेत मी दीड वर्षाचं तेल तसंच ठेवून ट्रॅकवर उतरले. त्या आठवड्यात वेळ मिळाला नव्हता आणि सकाळची दोन सेशन छान गेली होती. तिसऱ्यात, सरळ रस्त्याच्या टोकाला, पेडल फरशीला टेकलं. मी भराभर दोन-तीनदा पंप केलं, थोडा दाब परत आला, गाडी सरळ ठेवून गवतात जाऊ दिली. पुढे मोकळी जागा होती म्हणून मी आज हे लिहितेय. त्या दिवसापासून तेल कधी बदललंय हे मी पट्टीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवते, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला गाडीत बसण्याआधी तेच पहिलं विचारते.

म्हणून तुझा पहिला खर्च इथे कर. एक्झॉस्ट नको, इंजिनाचं ट्यूनिंग नको, मोठी चाकं तर मुळीच नकोत. जाण्याच्या आठवड्यात रेसिंगचं डॉट ४ तेल भरून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घे. पुढे-मागे दोन्हीकडे ट्रॅकचं तापमान सोसणारे पॅड बसव आणि बनवणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे तापवून, गार करून घे. ट्रॉयच्या सिग्नलला ते किंचाळतील, धूळ करतील. दिवस संपला की जुने परत लाव. एवढ्यावर तुझ्या गाडीची अर्धी अडचण सुटते.

मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या ताकदवान अमेरिकन गाड्या, या एका नावाखाली किती वेगळ्या गाड्या येतात, हेही लोक विसरतात, म्हणून जरा थांबते. इथून तासाभराच्या अंतरावर, लान्सिंगला बनायची ती शेवरोले कॅमॅरो एसएस, तिचं १ एलई पॅकेज बघ. १७०० किलोच्या आसपास, ४५५ हॉर्सपॉवर, म्हणजे तुझ्याहून कमी. पण इंजिन ऑइल, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) या तिघांना गार ठेवणारे कूलर कारखान्यातूनच, पुढे सहा पिस्टनचे ब्रेक, पुढे २८५ आणि मागे ३०५ रुंदीचे टायर. ही गाडी दिवसभर ट्रॅकवर फिरते आणि संध्याकाळी घरी जाते. तिला कुणी म्हैस म्हणून दाखवावं. तिची थोरली बहीण, झेडएल१ १ एलई, २०१७ साली जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंग ट्रॅकवर ७ मिनिटं १६.०४ सेकंदांत फिरली. दुसरीकडे २०१६ ची मस्टँग जीटी ३५०. ५२६ हॉर्सपॉवर, मिनिटाला ८२५० फेऱ्यांपर्यंत फिरणारं अप्रतिम इंजिन. पण त्या वर्षीच्या काही पॅकेजमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे कूलर दिले नव्हते आणि अशा गाड्या ट्रॅकवर तापून स्वतःच ताकद कमी करू लागल्या. मालक चिडले, प्रकरण कोर्टात गेलं. २०१७ पासून ते कूलर सगळ्याच जीटी ३५० ला मिळाले. इंजिन तेच होतं, फरक उष्णता बाहेर काढण्याच्या सोयीचा होता. म्हणून एखादी जड गाडी ट्रॅक डेला चालेल का हे मला ठरवायचं असेल, तर मी हॉर्सपॉवरकडे सगळ्यात शेवटी बघते. आधी वजन, मग कूलर, मग ब्रेक आणि टायर.

या ओळीत तुझी स्कॅट पॅक मधोमध बसते. चॅलेंजरचीच सुपरचार्जरवाली हेलकॅट तुझ्यापेक्षाही जड, दोन टनांच्या वर, आणि ७०० हून जास्त हॉर्सपॉवरची. ती नवशिक्याने वळणांच्या ट्रॅकवर आणू नये असंच मी म्हणेन. आणि आताची बॅटरीवरची चार्जर डेटोना तर २६०० किलोच्या पुढे गेलीये. तुझ्या गाडीत टर्बो नाही, सुपरचार्जर नाही, इंजिन नैसर्गिक श्वासावर चालतं. तापण्याच्या बाबतीत ही तुझी मोठी जमेची बाजू आहे. गाडीच्या पडद्यावर परफॉर्मन्स पेजेसमध्ये इंजिन ऑइलचं आणि गिअरबॉक्सचं तापमान दिसतं, ते पान उघडं ठेवून जा. रोजच्या सवयीचा आकडा लक्षात ठेव. तो चढत राहिला आणि एका सावकाश फेरीनेही उतरला नाही, तर त्या सेशनपुरतं बाहेर ये.

आता टायर. वजन दुप्पट झालं म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. जड गाडी वळणात मागे पडते त्याचं मूळ इथे आहे. त्यात तुझ्या गाडीचं अर्ध्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर. वळणात वेग जरा जास्त झाला की स्टिअरिंग फिरवलेलं असतं आणि गाडी मात्र नाक पुढे काढून सरळ जायला बघते. नवशिका घाबरून स्टिअरिंग आणखी फिरवतो, आणि पुढच्या टायरची बाहेरची कड त्या दिवशीच खरवडून निघते. तेव्हा करायचं उलटं. स्टिअरिंग किंचित सैल कर, गॅस सोड, नाकाला पुन्हा पकड येऊ दे. वळणाआधी मित्रापेक्षा लवकर ब्रेक लाव, वेग पुरता उतरव, गाडी वळवून घे आणि चाकं सरळ होत आली की मगच पाय दाब. तेव्हा ते हेमी तुला जे देईल, ते मिआटावाल्याला कधीच मिळणार नाही.

गाडीवर ऑल-सीझन टायर असतील तर ते बदल. दोन टन वजनाखाली त्यांचं रबर गोळा होतं, तुकडे निघतात. चांगले समर टायर घे. मात्र पहिल्या वर्षी ट्रॅकचे चिकट टायर घेऊ नकोस. साधा समर टायर मर्यादेजवळ आला की आवाज करून सांगतो. चिकट टायर गप्प राहतो आणि वर ब्रेकवरचा भार वाढवतो. खर्चाची कल्पना हवी असेल तर टायरच्या कडेचे आकडे वाच. तुझी रुंद चाकांची वाइडबॉडी असेल तर ३०५/३५ आर २०, साध्या मिआटाला १९५/५० आर १६. दुकानात या दोन आकड्यांची किंमत विचार. माझ्या मते हलक्या गाडीच्या बाजूने यापेक्षा भक्कम मुद्दा दुसरा नाही. वेगाचं सोड, दिवसाअखेर खिशातून काय गेलं हे बघ. पेट्रोलही तसंच. ट्रॅकवर तुझा मैल-दर-गॅलनचा आकडा एकेरीत येईल. टाकी अर्ध्याखाली आली की भरून घे. रिकाम्या टाकीत लांब वळणाला पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि इंजिन अडखळतं.

जिंजरमॅन निवडलास हे उत्तम. २.१४ मैलांचा, ११ वळणांचा ट्रॅक. वळणाबाहेर भरपूर मोकळं गवत, भिंती लांब. चुकलास तर चिखल धुवायला लागेल, बहुतेक तेवढंच. या गाडीत पहिल्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या रोड अमेरिकेचा मोह मात्र टाळ. चार मैलांहून लांब, तीन लांब सरळ रस्ते आणि प्रत्येकाच्या टोकाला जबर ब्रेक. फार सुंदर ट्रॅक आहे, मला स्वतःला तो सगळ्यात आवडतो, पण जड गाडीच्या ब्रेकची परीक्षा तिथे घेतात. तिथे पोचायला दोन उन्हाळे जाऊ देत.

साधारण वीस मिनिटांचं सेशन, दिवसात चार. ती वीस मिनिटं तुला पुरी वापरायची नाहीत. पहिली फेरी सावकाश. मग तीन जोरात. मग एक अशी की ब्रेकला शक्यतो हातच लावायचा नाही, वारा लागू द्यायचा. मग पुन्हा दोन-तीन, आणि झेंडा पडायच्या आधीच एक गार फेरी मारून बाहेर. ब्रेक लावशील तेव्हा ठामपणे लाव आणि पूर्ण सोड. पाय नुसता टेकवून ठेवलास तर डिस्कला गार व्हायला क्षण मिळत नाही. पॅडॉकमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नकोस, तापलेला पॅड डिस्कला एकाच जागी चिकटून राहतो. गाडी पार्कमध्ये किंवा गिअरमध्ये ठेव आणि चाकाखाली लाकडाचा ठोकळा लाव. टायरची हवा गार असताना दाराच्या स्टिकरवरच्या आकड्याला असू दे. सेशननंतर पाच-सहा पीएसआयने किंवा जास्तही चढलेली दिसेल, तेव्हा थोडी सोड. चाकांचे नट ट्रॅकच्या दिवशी दोनदा टॉर्क रेंचने बघ. ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण बंद करायचं नाही, कुणी कितीही चिडवलं तरी. हेल्मेट एसए, म्हणजे मोटार शर्यतीच्या, प्रकारचं लागेल, २०२० ची किंवा त्यानंतरची मोहोर असलेलं घे. मोटरसायकलचं बहुतेक ठिकाणी चालत नाही.

आता मित्राशी आणि त्याच्यासारख्या वीसेक छोट्या गाड्यांशी तुझं ट्रॅकवर कसं जमेल, ते बघू. मला विचारशील तर जड आणि ताकदवान गाडीचा ट्रॅकवरचा खरा दोष ब्रेक किंवा टायरमध्ये सापडत नाही, तो इथे सापडतो. वळणात तो तुझ्या मागे चिकटलेला असेल, कारण तो तिथे तुझ्याहून वेगवान आहे. सरळ रस्ता आला की तू पाय दाबशील आणि तो लांब मागे पडेल. पुढच्या वळणात पुन्हा चिकटेल. नवशिक्यांच्या गटात पुढे जायचं ते फक्त ठरलेल्या सरळ भागात, आणि पुढच्याने खिडकीतून हात काढून बाजू दाखवल्यावरच. तू हात दाखवलास पण पाय दाबूनच ठेवलास, तर बिचारा मिआटावाला पुढे जाणार कसा? त्याच्यामागे आणखी चार अडकतात आणि सगळ्यांचं सेशन वाया जातं. म्हणून हात दाखव आणि पाय उचल. पूर्ण उचल, तो पुढे जाईपर्यंत. ‘मागच्याला जाऊ दे’ सांगणारा निळा झेंडा दिसायची वाट बघू नकोस, आरशात दोन वळणं तीच गाडी दिसली की समज. हे तू पहिल्या सेशनला केलंस, तर दुपारी जेवताना तुझ्या गाडीबद्दल कुणी वावगं बोलणार नाही. पॅडॉकमधली माणसं असं लक्षात ठेवतात.

शिकण्यासाठी हलकी गाडीच चांगली, हे मी मान्य करते. कमी ताकदीच्या गाडीत वळणात घालवलेला वेग परत मिळत नाही, म्हणून चूक लगेच कळते. तुझ्या गाडीत ती चूक सरळ रस्त्यावर झाकली जाते आणि आपण छान चालवतोय असं वाटत राहतं. पण जड गाडीचाही एक गुण आहे. तिचं वजन पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकतं ते इतकं सावकाश आणि इतकं स्पष्ट, की नवशिक्यालाही बुडाखाली जाणवतं. माझे काही चांगले विद्यार्थी अशाच गाड्यांत तयार झाले, ब्रेक सोडताना पाय हळू सोडायला शिकले, कारण झटकन सोडला की ते नाक कसं उसळतं हे त्यांनी अनुभवलं होतं. म्हणून इन्स्ट्रक्टर मागून घे. आणि मित्राला सांग, त्याच्याकडे इन्स्ट्रक्टरची परवानगी असेल तर तुला एकदा मिआटात शेजारी बसव. त्या एका फेरीत तुला जे कळेल ते मी लिहून सांगू शकणार नाही.

दोन उन्हाळ्यांनंतर नाद लागलाच, तर मग चॅलेंजर हलकी करायच्या मागे लागू नकोस. कार्बनचं बॉनेट, हलकी चाकं, मागची सीट काढणं, हे सगळं करून शंभरेक किलो जातील, हजारो डॉलर जातील आणि शिकागोला आरामात जाणारी तुझी गाडीही जाईल. त्याच पैशांत जुनी मिआटा किंवा टोयोटा ८६ येते. नवी जीआर ८६ तर १३०० किलोच्या आत आहे. चॅलेंजर तेव्हाही ठेव. तिची जागा डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यू रस्त्यावर आहे, लांबच्या प्रवासात आहे, आणि वर्षातून एखादवेळ पाव मैलाच्या सरळ ड्रॅग स्ट्रिपवर आहे. तिथे वजन इतकं छळत नाही.

आता बायकोचं. तिचं म्हणणं नुसती भीती म्हणून बाजूला सारू नकोस, त्यात व्यवहार आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच साध्या मोटार विम्यांत ट्रॅकवरचं नुकसान स्पष्टपणे वगळलेलं असतं, स्पर्धा नसली, नुसतं शिकणं असलं तरी. तुझी पॉलिसी काढ आणि ते कलम दोघं मिळून वाचा. गाडी तिथे गेली तर हप्ते चालूच राहतील. आणि डिसेंबर २०२३ मध्ये चॅलेंजर बंद झाली, तेव्हा तीच नवी मिळायची नाही. एका दिवसाचा ट्रॅक विमा वेगळा मिळतो, गाडीची किंमत आधी ठरवून. त्याचा हप्ता, ट्रॅकची फी, तेल, पॅड, पेट्रोल, टायरची झीज असा एका दिवसाचा पूर्ण आकडा कागदावर मांड आणि तिच्यासमोर ठेव. तो आकडा या वर्षी झेपत नसेल तर पुढच्या वर्षी जा, ट्रॅक कुठे जात नाही. झेपत असेल तर तिलाही घेऊन जा. तिला गाडीत बसता येणार नाही, पण तुझ्या शेजारी कोण बसतंय, झेंडेवाले कुठे उभे आहेत, रुग्णवाहिका कुठे आहे हे ती स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. माझ्या नवऱ्याची भीती माझ्या समजावण्याने गेली नव्हती, पॅडॉकमध्ये खुर्ची टाकून एक दिवस बसल्यावर निम्मी झाली. लपवून मात्र जाऊ नकोस.

आणि संध्याकाळचं लक्षात ठेव. मिआटावाले काही जण गाडी ट्रेलरवर घालून नेतात, तुला त्याच गाडीने तीन तास चालवत ट्रॉयला परतायचंय. शेवटचं सेशन सोडून दे, तसंही दमल्यावरच चुका होतात. गाडी गार झाली की टायरची सोडलेली हवा परत भर, पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा हाताने चाचपून बघ, चाकांच्या फटीतून पॅडची जाडी बघ. पॅड पातळ वाटला तर जुने पॅड डिकीत असू देत, तिथेच बदल आणि मगच साउथ हेवन सोड.

— ताई